कॉफीच्या मळ्याचें वर्ष व त्याचे कागद

सह्याद्रीच्या दक्षिण भागांत, म्हणजे सध्यांच्या कर्नाटक राज्यांतील चिकमगळूर, हासन व कोडगू (कुर्ग) या जिल्ह्यांत, कॉफीचे हजारों लहान मळे आहेत. हिंदुस्थानांतील कॉफी लावणारांपैकीं शेंकडा 98 हून अधिक लोकांची लागवड 25 एकरांच्या आंतली आहे. असें असतां कॉफीचा म्हणून जो इतिहास आजवर छापला गेला, तो बहुतांशीं मोठ्या युरोपियन मळेवाल्यांचा आहे. याचें कारण उघड आहे. रॉबर्ट एलियट यानें म्हैसूरच्या रानांतील आपले अनुभव 1871 त व पुनः 1894 त ग्रंथरूपानें प्रसिद्ध केले. सरकारी अधिकाऱ्यांनीं अहवाल लिहिले व ते छापले गेले. लहान मळेवाल्यानें ग्रंथ लिहिला नाहीं. त्यानें हिशेबाच्या वह्या ठेवल्या, आणि त्याच्या बाजूचा पुरावा म्हणून असेल तें सर्व त्या वह्यांतच आहे.

मळा लहान असला तरी त्याचा कारभार चालावयाचा म्हणजे तीन तऱ्हेचे कागद निर्माण होतातच: पावसाची व कामाची रोजची नोंद; मजुरांची हजेरी व उचलीचें खातें; आणि माल घाटाखालीं गेल्यानंतर तेथून आलेल्या वजनाच्या व पैशाच्या पावत्या. हे कागद संग्राहकाच्या हातीं आले तरी ते वाचण्याची किल्ली त्याच्यापाशीं बहुधा नसते. अक्षर लागतें, पण अर्थ लागत नाहीं. कारण कॉफीचें वर्ष इंग्रजी नव्हे, फसली नव्हे, सरकारी हिशेबाचेंही नव्हे. तें उन्हाळ्यांतील पावसाच्या एका सरीपासून सुरू होतें. हें वर्ष ज्यास ठाऊक नाहीं त्याच्या हातून तारीख, वजन व रक्कम या तिन्ही गोष्टी चुकण्याचा संभव आहे. याकरितां मळ्याच्या वर्षाचा क्रम आधीं सांगून मग कागदांकडे वळावें असें आम्हीं योजिलें आहे.

(1) बुंद आणि कहवा

प्रथम नांवांविषयीं. अरबी भाषेंत या बीस ‘बुन्न’ व तिच्या काढ्यास ‘कहवा’ असे दोन निरनिराळे शब्द आहेत. जुन्या मराठींतही दाण्यास ‘बुंद’ म्हणत. ‘कॉफी’ हा शब्द इंग्रजी अमलांत रूढ झाला व त्यानें पुढें दोन्ही अर्थ व्यापले. मोडी वाचणारानें हें ध्यानांत ठेवावें कीं, ‘बुंद’ याचा ‘थेंब’ असाही अर्थ आहे. शिवाय मोडींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळला जात नाहीं व अनुस्वार पुष्कळदां गाळलेला असतो, त्यामुळें हा शब्द नजरेंतून सहज निसटतो. किराणा जिनसांच्या यादींत, वेलदोडे, लवंगा, खारीक अशा मालाच्या शेजारीं, वजन देऊन तो आला असेल तर तो दाण्याचाच समजावा.

परंतु यादींत बुंद आढळला म्हणजे तो याच देशांत पिकत होता असें अनुमान काढणें धोक्याचें आहे. सर टॉमस रो याचा धर्मोपदेशक एडवर्ड टेरी हा 1616 त हिंदुस्थानांत आला. येथील धर्मनिष्ठ लोक मद्य न पितां काळ्या बिया पाण्यांत उकळून केलेलें पेय घेतात, असें त्यानें आपल्या प्रवासवृत्तांत नमूद केलें आहे. हा दाणा येमेनांतील मोखा बंदरांतून येई, व सुरतेचा मोख्याशीं व्यापार तेव्हां जोरांत होता. पेय आधीं आलें, झाड मागून आलें. तेव्हां पश्चिम किनाऱ्यावरील कागदांतील बुंद हा सामान्यतः आयात माल समजून चालावें व लागवडीचा पुरावा स्वतंत्र शोधावा हें बरें.

लागवडीविषयीं जी गोष्ट सर्वतोमुखीं आहे ती बाबा बुडन या सूफी साधूची. मक्केच्या यात्रेहून परततांना त्यानें येमेनांतून कॉफीच्या सात बिया आणल्या व चिकमगळूरजवळच्या चंद्रद्रोण पर्वतावर पेरल्या, असें सांगतात. या डोंगरास आज बाबा बुडनगिरी हेंच नांव असून तेथील गुहेचें स्थान दत्तात्रेयाचें म्हणून हिंदूंस व बाबा बुडनाचें म्हणून मुसलमानांस पूज्य आहे. गोष्टीचा काळ कोणी 1600 च्या सुमाराचा तर कोणी 1670 च्या सुमाराचा देतात. आणि ज्या इंग्रजी ग्रंथांनीं ती सर्वत्र पसरविली ते 19 व्या शतकांतले आहेत. तथापि ती सर्वस्वीं टाकाऊ ठरत नाहीं. डच लोकांनीं मलबार किनाऱ्यावरील कण्णूरहून कॉफीचीं रोपें 1696 त जावा बेटांत नेलीं. तीं पुरांत गेलीं म्हणून 1699 त पुनः नेलीं. म्हणजे 17 व्या शतकाच्या अखेरीस हें झाड सह्याद्रीच्या पायथ्याशीं होतें, एवढें या डच व्यवहारानें सिद्ध होतें. जावांतून एक झाड 1706 त आम्स्टरडॅम येथें गेलें, त्याच्या वंशांतील एक 1714 त फ्रान्सच्या राजास नजर झालें, आणि तेथून अमेरिकेकडील बेटांत त्याचा प्रसार झाला. दंतकथेंतील सातांचा आंकडा कोणीं मानो वा न मानो, मलबारचें रोप जगांतील फार मोठ्या कॉफीवंशाचें मूळ आहे यांत शंका नाहीं.

(2) मळ्याची घडण

म्हैसुरांत पद्धतशीर मळे 19 व्या शतकाच्या दुसऱ्या चरणांत सुरू झाले. कॅनन नांवाच्या गृहस्थानें 1830 च्या सुमारास बाबा बुडनगिरीच्या दक्षिणेस मळा घातला. मंजराबादेकडे ग्रीन यानें 1843 त आरंभ केला. कोडगूंत मडिकेरीजवळ फौलर यानें 1854 त पहिला युरोपियन मळा घातला. यापूर्वीं व याबरोबर तेथील रयत आपल्या परसांत व घरामागील उतारावर थोडथोडीं झाडें लावीतच होती. कोडगूंत भातशेताच्या खातेदारास शेतालगतची जी रानाची जमीन सरपण, गवत व लांकूड यांकरितां मिळे तिला ‘बाणे’ म्हणतात. लहान मळे पुष्कळ अंशीं या बाणे जमिनींतच वाढले. खालीं दरींत भात, वर उतारावर कॉफी, हें एकाच घरचें दुहेरी पीक आहे. आणि या दोहोंच्या हंगामांची ओढाताण तेथील वह्यांत पानोपानीं दिसावयाची.

कॉफी उघड्या उन्हांत लावण्याची चाल या भागांत टिकली नाहीं. 1860 नंतरच्या दशकांत खोड पोंखरणाऱ्या किड्यानें मळेच्या मळे ओसाड पाडले. त्याविषयीं जॉर्ज बिडी याचा अहवाल 1869 त प्रसिद्ध झाला. सावलींतील झाडांस हा किडा कमी लागतो असें दिसून आल्यावर पांगारा, शिरीष, उंबर, फणस, शिसव यांच्या छायेखालीं कॉफी लावण्याचा रिवाज पक्का झाला, व पुढें सिल्व्हर ओकची भर पडली. याच सुमारास पानांवरील तांबेऱ्याचा रोग आला. सिंहलद्वीपांतून आलेल्या नमुन्यांवरून या बुरशीचें शास्त्रीय वर्णन 1869 त झालें. त्या बेटांतील मळेवाले तिच्यामुळें अखेर कॉफी सोडून चहाकडे वळले. म्हैसूर व कोडगू मात्र कॉफीवर टिकून राहिले, आणि सावलीचीं झाडें हें त्याचें एक मोठें कारण मानतात. सावलीच्या झाडांवर मिऱ्याचे वेल चढवितात. तेव्हां वहींत मिरीं, फणस, लांकूड यांचीं जमा कलमें आलीं तर तीं दुसऱ्या जमिनीचीं समजूं नयेत. तीं त्याच मळ्याचीं असतात.

(3) वर्षाचा क्रम

अराबिका जातीची कॉफी साधारणपणें 3,300 ते 5,000 फूट उंचीवर व रोबस्टा त्याखालीं लावतात. पुढील क्रम मुख्यत्वें अराबिकेचा आहे. जुन्या कागदांतली कॉफी तीच.

पावसाळा संपल्यावर फांद्यांच्या पेरांशीं कळ्या धरतात. थंडी व कोरडा उन्हाळा यांत त्या निजून राहतात. हा कोरडेपणा आवश्यक आहे. त्यावांचून सर्व कळ्या एकदम जाग्या होत नाहींत. फाल्गुनाच्या अखेरीस किंवा चैत्रांत, म्हणजे मार्च-एप्रिल महिन्यांत, ढगांच्या गडगडाटासह एक ते दीड इंच पाऊस पडतो. यास मळेवाले ‘फुलोऱ्याचा पाऊस’ म्हणतात. त्यानंतर आठ-दहा दिवसांनीं सगळा उतार एका रात्रींत पांढरा होतो व मोगऱ्यासारखा वास सुटतो. फूल दोन-तीन दिवस टिकतें. पाऊस फार थोडा पडला तर कळ्या अर्धवट उमलून वायां जातात. ऐन फुलोऱ्याच्या दिवशीं जोराची सर आली तर पराग धुऊन जातो. फूल गळल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनीं दुसरा पाऊस लागतो. तो न आला तर धरलेलें फळ सुकतें. येणेंप्रमाणें वर्षाचें सर्व पीक एप्रिलच्या अखेरपर्यंत बहुतेक ठरून जातें. वहींतील एका ओळीची पावसाची नोंद ही म्हणूनच त्या वर्षाच्या जमाखर्चाची पहिली ओळ होय.

कानडी शेतकरी पाऊस आपल्याकडल्याप्रमाणेंच सूर्यनक्षत्रांवर मोजतो. सूर्य रेवतींत सामान्यतः 31 मार्चपासून, अश्विनींत 13 किंवा 14 एप्रिलपासून व भरणींत 27 एप्रिलपासून असतो. तेव्हां ‘रेवतीचा पाऊस’ म्हणून नोंद असेल तर ती फुलोऱ्याची, व त्यामागून अश्विनीची किंवा भरणीची आली तर ती फळ धरविणाऱ्या पावसाची, असा अर्थ सहज बसतो. मराठी वाचकास हीं नांवें घरचींच असल्यामुळें या वह्यांत त्याचा प्रवेश इंग्रजी वाचकापेक्षां सुलभ आहे.

मृगाचा पाऊस सुरू होण्यापूर्वीं सावलीच्या झाडांच्या फांद्या छाटून उजेड वाढवितात व तांबेऱ्याविरुद्ध मोरचूद आणि चुना यांचें मिश्रण फवारतात. जून ते सप्टेंबर हा काळ तण काढण्याचा, रोपें लावण्याचा व नुसता वाट पाहण्याचा. घाटाच्या माथ्यावरील कित्येक भागांत या चार महिन्यांत 100 इंचांहून अधिक पाऊस पडतो; फळ गळतें, फांद्यांवर काळी कूज चढते. या महिन्यांत वहींत खर्चच खर्च असतो व जमा बहुधा शून्य असते. लहान मळेवाल्यास कर्ज याच वेळीं लागतें, आणि येणारें पीक झाडावर असतांनाच व्यापाऱ्याकडे गुंततें. कर्जरोख्याची तारीख पावसाळ्यांतील असली तर त्याच्या मागें हें कारण असण्याचा संभव मोठा.

फुलापासून आठ-नऊ महिन्यांनीं अराबिकेचें फळ पिकतें. हिरवें फळ पिवळें होऊन मग लाल होतें. पाऊस एकाच दिवशीं सर्वत्र पडलेला नसल्यामुळें सर्व फळें एकदम पिकत नाहींत. याकरितां तोडणी एका खेपेंत उरकत नाहीं. नोव्हेंबरांत, कोठें ऑक्टोबरच्या अखेरीसच, पिकलेलें फळ तेवढें निवडून घेण्याची पहिली वेंचणी होते. दहापंधरा दिवसांच्या अंतरानें पुढील वेंचण्या होतात, आणि जानेवारी-फेब्रुवारींत झाडावर राहिलेलें कच्चेंपक्कें सर्व ओरबाडून घेतात. शेवटीं जमिनीवर पडलेले दाणेही वेंचतात. ते तसेच राहिले तर पुढल्या पिकास कीड लागते. एका मळ्याच्या वहींत ‘वेंचणी’ हें कलम पांच-सहा वेळां आलें म्हणून मळे पांच-सहा समजूं नयेत.

येथून मालाच्या दोन वाटा होतात. जेथें पाणी व यंत्र आहे तेथें तोडलेलें फळ त्याच दिवशीं पल्परांत घालून त्याचा गर काढतात. चिकट बी एक-दीड दिवस हौदांत आंबवून धुतात व उन्हांत वाळवितात. बीवर पातळ कवच राहतें. या मालास ‘पार्चमेंट’ म्हणतात. दुसरी वाट सोपी आहे: फळ तसेंच अंगणांत पसरून दोन आठवडे वाळवावयाचें, व मूठभर फळ हलविलें असतां आंत बी खुळखुळूं लागली म्हणजे वाळलें असें समजावयाचें. या मालास ‘चेरी’ म्हणतात. लहान मळेवाल्याजवळ यंत्र व मुबलक पाणी नसे. त्यामुळें त्याच्या वहींत ‘चेरी’ अधिक, व युरोपियन मळ्याच्या वहींत ‘पार्चमेंट’ अधिक. दोन्ही प्रकारांस अंगणांतील ऊन हवें. विशाखा व अनुराधा नक्षत्रांत, म्हणजे नोव्हेंबरांत, ईशान्येकडून पाऊस आला तर वाळत घातलेला माल कुजतो. वर्षाची मेहनत चार दिवसांत मातीमोल होते ती येथें.

पुढें माल बैलगाड्यांवरून घाट उतरून मंगळूर व तेलिचेरी येथील कारखान्यांत जाई. हुणसूर येथेंही असा कारखाना होता. तेथें कवच काढून, दाणा चाळून, प्रती लावून, मग जहाजांत भरीत. शिडांच्या जहाजांतून युरोपास पोंचेपर्यंत महिने लागत व सागरी दमट हवेनें दाणा फुगून पिवळा पडे. गिऱ्हाइकांस तीच चव आवडूं लागल्यामुळें पुढें आगबोटी आल्यावर मलबार किनाऱ्यावर पावसाळ्याची हवा मुद्दाम देऊन तसा माल तयार करूं लागले. त्यास ‘मान्सून्ड’ कॉफी म्हणतात.

(4) हजेरीपत्रक व उचल

तोडणीस हात पुष्कळ लागतात, आणि ते नेमके भातकापणीच्या दिवसांत लागतात. कोडगूंतील हुत्तरीचा, म्हणजे नव्या भाताचा, सण नोव्हेंबरच्या अखेरीस किंवा डिसेंबरांत येतो. त्या सुमारास घरचीं माणसें खालीं दरींत गुंतलेलीं व वर फळ पिकून लाल झालेलें, अशी अडचण असते. म्हणून मजूर बाहेरून आणावे लागत. ते दक्षिण कानडा जिल्ह्यांतून घाट चढून किंवा पूर्वेकडील कोरड्या पठारावरून येत, व पावसाळ्यापूर्वीं आपल्या गांवीं परत जात. त्यांस आणणारा तो ‘मेस्त्री’. मळेवाला हंगामापूर्वीं मेस्त्रीस उचल देई, मेस्त्री ती मजुरांत वांटी, व मजुरीतून ती फिटे. फिटली नाहीं तर पुढल्या सालीं ओढली जाई.

या उचलीच्या पावतीकडे केवळ हिशेबाचा कागद म्हणून पाहूं नये. ब्रिटिश हद्दींत 1859 च्या 13 व्या कायद्याप्रमाणें उचल घेऊन काम न करणाऱ्या मजुरास फौजदारी शिक्षा होऊं शके. हा कायदा 1926 त रद्द झाला. तोंवर आंगठ्याची ती पावती मजुराला बांधून ठेवणारा दस्तऐवज होती. पावतीवरील तारीख हंगामाच्या आधींची, रक्कम थोडी व पुढल्या दोन-तीन वर्षांच्या खात्यांत तेंच नांव थकबाकीसह, असें आढळलें तर त्याचा अर्थ विस्तारानें सांगण्याची गरज नाहीं. आणखी एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. मळेवाल्याचें नांव सातबाऱ्यासारख्या सरकारी उताऱ्यांत, वाटणीपत्रांत, कारखान्याच्या पावतींत येतें. फळ वेंचणाऱ्या बाईचें नांव हजेरीपत्रकाखेरीज बहुधा कोठेंही लिहिलेलें नसतें. तें पत्रक रद्दींत गेलें कीं ती इतिहासांतूनही गेली.

(5) सन, मण व मालाची अवस्था

आतां कागद वाचतांना होणाऱ्या तीन मुख्य चुकांकडे वळूं.

पहिली सनाची. समजा, एका पिकाचें फूल एप्रिल 1895 त आलें. त्याची तोडणी नोव्हेंबर 1895 ते फेब्रुवारी 1896 पर्यंत चालली. इंग्रजी सनाप्रमाणें एकाच पिकाचे दोन तुकडे झाले. म्हणून इंग्रजी वह्यांत त्यास ‘1895-96 चा हंगाम’ म्हणतात. मद्रास इलाख्यांत फसली सन 1 जुलैस बदले; त्याप्रमाणें फूल 1304 त व फळ 1305 त गेलें. मृगसालाचीही गत तीच. परंतु शालिवाहन शकाप्रमाणें पाहिलें तर फूल शके 1817 च्या चैत्रांत व तोडणी त्याच शकाच्या कार्तिकापासून माघापर्यंत, म्हणजे सर्व पीक एकाच शकांत बसतें. अराबिकेच्या पिकास आपलें चांद्र वर्ष इतकें जुळतें हा योगायोग खरा, पण वाचकाच्या मोठ्या उपयोगाचा आहे. फुलोऱ्याचा पाऊस पाडव्यापूर्वींच आला तर मात्र एक शक मागें जावें लागतें. म्हणून महिना व तिथि पाहिल्यावांचून शक जुळवूं नये. रोबस्टाचें फूल आधीं, फेब्रुवारी-मार्चांत, येतें व फळ पिकण्यास दहा-अकरा महिने लागतात. तिला हा नियम लावूं नये.

दुसरी चूक वजनाची. ‘मण’ हा एक शब्द, पण मुंबईचा मण 28 रत्तलांचा, मद्रासेचा 25 रत्तलांचा, व रेल्वेचा म्हणजे बंगाली मण 82 रत्तलांहून थोडा अधिक. वीस मणांची खंडी मुंबईस 560 रत्तल व मद्रासेस 500 रत्तल. कॉफीचा माल घाटावर एका मणानें मोजला जाई, बंदरावर दुसऱ्या मणानें, आणि विलायतेच्या पावतींत 112 रत्तलांच्या हंड्रेडवेटानें. तेव्हां कागद कोणत्या ठिकाणीं लिहिला हें ठरविल्यावांचून बेरीज करूं नये.

तिसरी चूक सर्वांत मोठी, ती मालाच्या अवस्थेची. झाडावरून तोडलेल्या ताज्या फळाच्या वजनाचा पांचवा-सहावा हिस्साच अखेर साफ दाणा म्हणून उरतो. वाळलेल्या चेरीपासून निम्म्याच्या आसपास, व पार्चमेंटपासून सुमारें चार-पंचमांश साफ दाणा मिळतो. वहींत नुसतें ‘कॉफी 100 मण’ लिहिलें असलें तर तें साफ दाण्याचें मुंबई मणानें 2,800 रत्तल असेल, किंवा मद्रासी मणानें 2,500 रत्तल ओलें फळ असेल, ज्याचा साफ दाणा 500 रत्तलही भरणार नाहीं. म्हणजे एकाच आंकड्याचे दोन अर्थ परस्परांच्या सहापटीच्या जवळपास जातात. उपाय एकच: नोंदीची तारीख पाहावी. नोव्हेंबर-डिसेंबरांतील रोजची नोंद बहुधा ओल्या फळाची असते, कारण मजुरी त्याच्या मापावर द्यावयाची. जानेवारी-मार्चांतील गाडीची नोंद चेरी किंवा पार्चमेंटची. आणि कारखान्याची पावती साफ दाण्याची.

रकमेसंबंधानेंही एक सूचना द्यावीशी वाटते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत युरोपच्या पेठा बंद झाल्या. त्या वेळीं 1940 त आरंभलेली व 1942 च्या कॉफी कायद्यानें पक्की झालेली व्यवस्था अशी होती कीं, सर्व मळेवाल्यांचा माल कॉफी बोर्डाच्या एका सामाईक सांठ्यांत जमा व्हावयाचा आणि विक्री होत जाईल तसतसे हप्त्याहप्त्यांनीं पैसे मिळावयाचे. यास ‘पूल’ म्हणत. एका हंगामाचा शेवटचा हप्ता पुढच्या हंगामांत व कधीं त्याहूनही उशिरां येई. म्हणून या काळांतील वहींत एका सालची जमा त्याच सालच्या पिकाची समजली तर दर अगदींच भलता निघेल. 1992 पासून हें बंधन टप्प्याटप्प्यानें सैल होत गेलें. लहान मळेवाल्यांस 1995 त व सर्वांस 1996 त आपला सर्व माल खुल्या बाजारांत विकण्याची मोकळीक मिळाली.

(6) कालनिश्चितीचीं अंतर्गत साधनें

कानडी कागदांवर पुष्कळदां शकाचा आंकडा न देतां संवत्सराचें नांवच देतात. आपल्याकडील साठ संवत्सरांचें चक्र व तिकडील चक्र एकच आहे. परंतु नुसतें ‘मन्मथ संवत्सर’ म्हटलें तर तो 1895-96 चा कागद असेल, 1955-56 चा असेल किंवा 2015-16 चा असेल. कागद, शाई व अक्षर यांवरून काम भागलें नाहीं तर मळ्याच्या व्यवहारांतील खुणा पाहाव्या.

मोरचूद-चुन्याच्या मिश्रणाचा खर्च असल्यास कागद 1885 नंतरचा. हा उपाय फ्रान्सांत द्राक्षांसाठीं त्या वर्षीं प्रसिद्ध झाला. ‘रोबस्टा’ हें नांव आल्यास 20 व्या शतकांतला. ‘केंट’ जातीचीं रोपें असल्यास त्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या अलीकडचा. केंट या मळेवाल्यानें तांबेऱ्यास तोंड देणारें झाड आपल्या मळ्यांतून निवडलें त्यावरून हें नांव पडलें. बाळेहोन्नूर येथील प्रयोगक्षेत्राचा उल्लेख 1925 नंतरचाच असणार, व तेथें तयार झालेल्या ‘एस 795’ या जातीचा उल्लेख 1940 नंतरच्या दशकाच्या मध्याच्या अलीकडचा. ‘पूल’ हा शब्द 1940 ते 1996 या मर्यादेंत पडतो. आणे-पै असल्यास सामान्यतः 1957 पूर्वीं, व किलोग्रॅम असल्यास त्यानंतर. याच्या उलट टोंकास, म्हैसूर सरकारास उत्पन्नावर द्यावयाच्या ‘हालत’ नांवाच्या कराचें कलम असेल तर कागद जुना समजावा. पुढें हा कर जाऊन एकरी आकार बसला.

याच जुन्या काळाविषयीं मराठी संग्राहकांस एक विशेष गोष्ट सांगावयाची आहे. 1831 त इंग्रजांनीं म्हैसूरचा कारभार आपल्या हातीं घेतला व 1881 त तो परत राजघराण्याकडे दिला. या मुदतींत आणि तिच्या आधींही म्हैसूरच्या जमाबंदीच्या दप्तरांत कानडीबरोबर मराठी चालत असे. म्हणजे कॉफीच्या लागवडीचा जो पहिला विस्तार झाला त्याच वेळीं तेथील कचेऱ्यांत मोडी लिहिणारे कारकून होते. दक्षिणेंतील देशस्थ घराण्यांच्या संग्रहांत म्हैसूरकडील मोडी रुमाल असल्यास त्यांतील कॉफीचीं, हालतीचीं व घाटावरच्या जकातीचीं कलमें वेगळीं काढून नोंदावीं. हें काम मोडी जाणणाऱ्याखेरीज कोणाच्यानें होणारें नाहीं.

(7) संग्राहकांस विनंति

हे कागद फार दिवस टिकणारे नव्हत. ज्या मुलखांत वर्षाला शंभर इंच पाऊस पडतो तेथें कागदास बुरशी, वाळवी व ओल या तिन्हींचा उपद्रव असतो. शिवाय घर वाटलें गेलें, मळा विकला गेला, कीं सनदा व खरेदीखतें जपून ठेवतात आणि हिशेबाच्या वह्या निरुपयोगी म्हणून टाकतात. संग्राहकही राजमुद्रेचा कागद आधीं उचलतो व पावसाची वही शेवटीं, किंवा मुळींच नाहीं. आमच्या मतें येथें क्रम उलटा असावा. खरेदीखताची नक्कल सरकारी दप्तरांत मिळूं शकते. अमुक उतारावर अमुक सालीं फुलोऱ्याचा पाऊस कोणत्या दिवशीं व किती पडला, फूल कोणत्या दिवशीं आलें, पहिली वेंचणी केव्हां झाली, याची दुसरी प्रत जगांत नसते. अशा वह्या शे-दीडशें वर्षांच्या एकत्र आल्या तर पावसाची चाल बदलली कीं नाहीं, व बदलली तर केव्हांपासून, या प्रश्नाचें उत्तर आठवणींवर सोंपवावें लागणार नाहीं.

म्हणून अशी वही हातीं येईल त्यानें पुढील गोष्टी कराव्या. ती ज्या मळ्याची आहे त्याचें गांव, उंची व घाटाची बाजू लिहून ठेवावी. कारण एका डोंगराच्या दोन अंगांस पावसाचें मान अगदीं भिन्न असतें. वह्यांचा अनुक्रम मोडूं नये व सुट्या पावत्या ज्या पानांत सांपडल्या त्याच पानांत ठेवाव्या. कोणत्या हंगामाची पावती हें त्या जागेवरूनच कळतें. नक्कल करतांना ‘मण’, ‘कॉफी’, ‘वेंचणी’ हे शब्द जसे आहेत तसेच उतरावे. त्यांचें आधुनिक मापांत रूपांतर करून मूळ शब्द गाळूं नये. हजेरीपत्रकांतील नांवें सर्व उतरावीं. तीं किरकोळ म्हणून ‘इत्यादि’ लिहून सोडूं नयेत. पान जीर्ण झालें असल्यास पावसाच्या ओळी व नांवें आधीं उतरून घ्यावीं, रकमा मागून.